घळीतला बारीक सूर

"उद्या सकाळी डंपर येणार म्हणजे येणार," ठेकेदारकाका म्हणाले. रस्त्याच्या कामाचं सगळं डबर ते धबधब्याच्या घळीत टाकणार होते. मामांनीच सांगितलं होतं ना, खाली वेगळं असं काही नाही म्हणून.

टिचकीने मान वर केली नाही. ती बुटांच्या खोक्याला भोकं पाडत होती.

सुट्टीत मामाकडे आल्यापासून ती आणि तिचा मावसभाऊ भोंगा रोज संध्याकाळी घळीत उतरत. धबधब्यापुढे भोंग्याचाही आवाज फिका पडे. रातकिड्यांची किरकिर मात्र साफ ऐकू यायची. बारीक, सुईसारखी. वर पठारावरचे रातकिडे भसाडे. कीटकांच्या अभ्यासात केस पिकलेल्या मामाला तिने हे सांगितलं, तर तो हसला. दोन्हीकडचे रातकिडे त्याने भिंगाखाली पाहिले होते. पाय तेच, रंग तोच. मग घळ बुजली म्हणून काय बिघडलं?

"स्पिरिटच्या बाटलीतले रातकिडे गातात का रे मामा?" टिचकीने विचारलं.

मामाचा चहा तोंडाशीच थांबला.

"पोरीची जीभ बघा," ठेकेदारकाका म्हणाले.

"जीभ राहू द्या, खोकं बघा," भोंगा म्हणाला आणि त्याने दिवा मालवला.

खोक्याच्या दोन टोकांना दोन फोन, उजेड तेवढा त्यांचाच. एकावर घळीतल्या नराचं गाणं, दुसऱ्यावर पठारावरच्याचं. मधोमध सोडलेली घळीतली मादी मिशा हलवत बारीक सुराकडे गेली. टिचकीने फोनच्या जागा बदलल्या. मादी वळली आणि पुन्हा त्याच सुराकडे गेली. पठारावरच्या माद्या मात्र भसाड्या सुराकडेच वळल्या.

मामाने खुर्ची पुढे ओढली. "असं का, सांग."

टिचकीने सांगितलं. कधीकाळी वरून काही रातकिडे खाली पडले असतील. पंख आखूड, कडे सरळसोट, परत जायची सोय नाही. धबधब्याच्या गर्जनेत भसाडा सूर बुडून जायचा, त्या नरांना जोडीदारीण मिळायची नाही. ज्यांचा सूर जरा बारीक, त्यांचीच पिल्लं व्हायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आता दोघांना एकमेकांची हाकही कळत नाही, म्हणजे खालची जातच वेगळी, या घळीपुरती.

"म्हणजे किड्यांची लग्नं जुळत नाहीत म्हणून मी काम थांबवू?"

"काम करा, काका. डबर दुसरीकडे टाका. नाहीतर उद्या मी घळीच्या तोंडाशी बसणार."

"मीपण," भोंगा म्हणाला.

ठेकेदारकाकांनी मामाकडे पाहिलं. घरात एक तरी मोठं माणूस असेल, अशा आशेने.

"माझी चूक झाली. मेलेले किडे मोजले आणि जिवंतांचं ऐकलं नाही," मामा म्हणाला. "हिने ऐकलं. उद्या मीही तिथेच बसेन."

ठेकेदारकाकांनी खोक्यावर वाकून दोन्ही सूर ऐकले. मग त्यांनी फोन काढला आणि डंपरवाल्याला जुन्या खाणीचा रस्ता सांगितला.

"पोरी, धन्य आहेस," जाता जाता ते म्हणाले. "पण या खालच्या किड्याला म्हणायचं तरी काय?"

"नाव नाहीये अजून," टिचकी म्हणाली. "आधी त्याला जगू तर द्या."