ताठ वायर संपली की

तो पहिल्यांदा आला तेव्हा पेशंट टेबलावर होता आणि मी कपाट धुंडाळत होते. ताठ वायरीचं एकही पाकीट शिल्लक नव्हतं.

"मॅडम, ही घ्या. साताऱ्यासनं तीच घिऊन आलोय," दारातून आवाज आला. वायरीच्या कंपनीचा माणूस, शंभूराज.

आमच्या सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर शिरेत आधी मऊ वायर घालून वाट काढतात, मग तिच्या जागी ताठ वायर. तिच्यावरून जाड नळी न वाकता सरकते. तोवर वायरीचं मागचं टोक जराही हलू न देता धरायचं, हे माझं काम.

"एवढ्या ताठ का ओ तुमच्या वायरी?" केस संपल्यावर मी चिडवलं.

"पुढचं टोक लय मऊ असतंय, मॅडम. बघितलं न्हाई का?"

"वायरीचं बघितलंय..."

मेला कानापर्यंत लाल झाला!

पुढं पद्धतच पडली. वायर वापरली की मी फोन करायचा, की तो नवी घेऊन हजर. जाताना न चुकता विचारायचा, "दीपमालामॅडम, जेवलाय न्हवं?"

माझं गाव, म्हसवड, सोडल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. खोलीवर गेलं की कुकर आणि मी. मग मी काय करायला लागले सांगू? सकाळी उठून आज केस आहे का, ते बघायला लागले. कुणाच्या तरी दुखण्याची वाट बघायची म्हणजे... जळलं मेलं माझं लक्षण.

दिवाळीनंतर दवाखान्यानं कुरिअर लावलं. वायरी खोक्यातून यायला लागल्या. तो यायचा थांबला. मी टेबलाशी वायर धरून उभी राहायचे आणि नजर सारखी दाराकडं जायची. आता बोलले नाही, तर हा माणूस कायमचा गेला, एवढं कळत होतं.

शनिवारी कपाट गच्च भरलेलं असताना मी फोन लावला.

"बोला मॅडम. किती पाठवू?"

"एकही नको. भरपूर आहेत."

"मग...?"

"तुम्ही या."

 त्यानं हळूच विचारलं — "हापिसात काय सांगू? कशापायी निघालोय?"

"त्यांना काहीही सांगा. तुम्हाला सांगते — मला तुमच्याशिवाय करमत नाही."

 पलीकडं गाडीची किल्ली खुळखुळलेली मला ऐकू आली.