मामाची खुर्ची रिकामी ठेवायची नाही!

"पळा! आले!" ढब्बू ओरडला.

मामाच्या केस कापायच्या दुकानातली एकुलती एक खुर्ची कुरकुरत होती. रिकामीच! गळ्याला टॉवेल गुंडाळून उभे असलेले पोस्टमास्तर टॉवेलासकट रस्त्यावर पळाले.

"गेलं गिऱ्हाईक," मामा म्हणाला आणि हवेतच कात्री चालवत राहिला.

त्या गावात प्रत्येक वस्तूचं शास्त्र होतं. उलटलेली बादली जिची तिनंच सरळ करायची. विझल्या कंदिलाला पाठ दाखवायची नाही. आणि रिकामी खुर्ची कुरकुरली, की तिच्यावर कुणी पूर्वज टेकलेत असं समजायचं. ते आपणहून उठेपर्यंत थांबायचं. पूर्वजांना कसलीच घाई नसते.

"असंच चाललं तर दुकानाला कुलूप," मामा भाचीला म्हणाला. "मग येतो शहरात, तुझ्या आईकडे. मारतो कुणाच्या तरी दुकानात झाडू."

भाचीला सगळे सुई म्हणत, कारण ती तशीच होती. तिचे दोस्त ढब्बू आणि लाउडस्पीकर यांचीही नावं तशीच पडली होती. मामाला झाडू धरतानासुद्धा करंगळी वर ठेवायची सवय होती. त्याला कोण ठेवून घेणार?

तिनं फणी भिंतीच्या फळीवर ठेवली. फणी थरथरत कडेपर्यंत आली आणि पडली.

"फळीवर पण पूर्वज?" लाउडस्पीकर कुजबुजली. तिची कुजबुज चौकात ऐकू जायची.

सुईनं भिंतीला हात लावला, तर भिंतच हलत होती! तिघं शेजारच्या पिठाच्या गिरणीत धावली. यंत्राचा एक नट ढिला झाला होता आणि यंत्र नाचत नाचत मामाच्या भिंतीला धडका देत होतं.

"काका, नट आवळा ना!"

गिरणीवाल्यानं खुंटीवरच्या पान्याकडे भीतभीत पाहिलं. "टांगलेला पाना उतरवला की घरात भांडण होतं."

"तुमच्याकडे तर रोजच होतं!"

"मग उतरवल्यावर काय होईल, विचार कर!"

सुई पोस्टमास्तरांकडे गेली. यंत्र, भिंत, फणी, सगळं समजावलं.

"बरोबर!" पोस्टमास्तर खूश झाले. "पूर्वज यंत्रातून येतात तर!"

सुईला रडूच फुटणार होतं. मोठ्या माणसांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान हलत तरी होती!

मग तिला सुचलं. "मामा, भरलेली खुर्ची कुरकुरली तर?"

मामानं डोकं खाजवलं. "भरलेली? ती कुरकुरणारच की. माणसाचं वजन असतं."

दुपारी गिरणीवाला जेवायला गेला, यंत्र थांबलं, पूर्वज उठले. सुईनं उडी मारून खुर्ची पकडली! यंत्र सुरू झालं, खुर्ची कुरकुरली, आणि कुणीच पळालं नाही. पोस्टमास्तर एका बाजूनं चढले तशी सुई दुसऱ्या बाजूनं घसरली. ते उतरायच्या आत ढब्बू चढला. संध्याकाळपर्यंत दुकानात दाटी झाली.

"काय गुणी मुलं!" पोस्टमास्तर गहिवरले. "पूर्वजांची जागा राखतात! सुट्टीभर राखा हं!"

दुसऱ्या दिवशी बाहेर पोरांच्या सायकली नदीकडे निघाल्या होत्या. ढब्बू नि लाउडस्पीकर दारातून बघत होती. आता खुर्चीत बसायची पाळी सुईची होती.

"एक पाना उतरवला असता तर..." ती पुटपुटली.

"मान हलवू नकोस," मामा खुशीत म्हणाला. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो तिचेच केस कापत होता. आज तिसऱ्यांदा.