गाळलेल्या जागा

हिंगणघाटच्या सूतगिरणीत चात्यांचा घोंगावता आवाज चोवीस तास चालतो. पूर्वी तिथं कुणाशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. आता हर्षला वाघमारे यंत्रांच्या रांगांमधून चालता चालता मिरजेतल्या वडिलांशी अगदी हलक्या स्वरात बोलत होती. तिच्या कानांवर बिनवायरीचा हेडफोन होता. त्याच्या मऊ गाद्यांच्या आत गिरणीचा आवाज शिरतच नसे.

पाळीवरच्या सगळ्या पर्यवेक्षकांना गिरणीनंच गेल्या पावसाळ्यात हे हेडफोन दिले होते. त्यांत ‘सुस्वर’ नावाची नवी सोय होती. गोंगाट गाळण्याचं काम जुने हेडफोनही करत. सुस्वर त्यापुढं जाई. बोलणाऱ्याचा आवाज तो आठवडाभरात शिकून घेई. मग रेंज गेली, एखादा शब्द तुटला किंवा अस्पष्ट आला, की ती गाळलेली जागा तो त्याच आवाजात स्वतः भरून काढी. ऐकणाऱ्याला जोड कळत नसे. संगीताचंही तसंच. स्वर फाटला, की हेडफोन तो सांधून देई.

हर्षलाला त्याचं कोण कौतुक होतं. तिचे वडील, आप्पा, मिरजेच्या एका बँडमध्ये उभा जन्म क्लॅरोनेट वाजवत आले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. दर रविवारी सकाळी ते फोन समोर ठेवून लेकीला एखादी चीज वाजवून दाखवत. सुरेल, भरीव स्वर दोन्ही कानांत घुमायचा आणि आप्पांचा दम अजून शाबूत आहे, म्हणून ती निर्धास्त व्हायची. मस्कतला राहणारी थोरली बहीण सुवर्णा हिच्याकडेही असलाच हेडफोन होता. आप्पा छान आहेत, हे दोघी बहिणी एकमेकींना नेहमी सांगत.

एका संध्याकाळी पाळी संपल्यावर हर्षलानं हेडफोन चार्जिंगला लावला आणि ती चहा घेत बसली. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. तिनं मोबाइल तसाच कानाला लावला.

पलीकडून कुणीतरी जड, पसरट, नाकातून बोलत होतं. शब्द एकमेकांत मिसळून येत होते. तिला आधी राँग नंबर वाटला. मग मनात आलं, आप्पा प्यायले की काय. पण आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. तिनं धडपडत हेडफोन उचलून कानांवर चढवला. त्याच क्षणी आप्पांचा नेहमीचा स्वच्छ, खणखणीत आवाज ऐकू आला. ते हवापाण्याबद्दल काही बोलत होते. तिनं हेडफोन काढला. पुन्हा तोच पसरट आवाज. पुन्हा घातला. पुन्हा स्वच्छ.

हेडफोन टेबलावर ठेवून तिनं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

“आप्पा, तुमचं बोलणं असं कधीपासून झालंय?”

एकेक शब्द ढकलत आप्पा म्हणाले, “दिवाळीपासनं. तुला ठाऊक नव्हतं?”

आता उन्हाळा लागला होता.

त्याच रात्री निघून तिनं वर्ध्याहून गाडी पकडली. मिरजेला घरी पोचली तेव्हा दारात उभ्या असलेल्या आप्पांकडं तिला पाहवेना. गाल बसले होते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. सकाळच्या वेळी त्यांचं बोलणं बऱ्यापैकी कळत होतं, पण चार वाक्यांनंतर जीभ जड व्हायची. जेवण म्हणून ते पातळ पेज पीत होते. शेजाऱ्यांना वाटत होतं, म्हातारबुवांची कवळी सैल झाली असेल.

तिनं विचारलं, की मला सांगितलं का नाही. आप्पा म्हणाले, सांगितलं होतं. माघ महिन्यात एकदा स्पष्ट म्हणालो होतो, घास गिळत नाही गं.

हर्षलाला तो फोन आठवला. तिला ऐकू आलं होतं, ‘बस मिळत नाही गं.’ आणि तिनं हसत सांगितलं होतं, की मग रिक्षानं जात जा, आप्पा, कशाला त्रास करून घेता.

“मला वाटलं,” आप्पा म्हणाले, “तुला सगळं कळतंय, पण विषय नकोय. मग मीबी पुन्हा काढला नाही.”

हर्षलानं आत जाऊन चूळ भरली, तोंड धुतलं आणि आप्पांना घेऊन ती तशीच दवाखान्यात गेली.

मज्जासंस्थेच्या डॉक्टर कुलसुम बेपारी यांनी आप्पांना छताकडं एकटक बघायला सांगितलं. हळूहळू त्यांच्या पापण्या खाली आल्या. रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूचा हुकूम मज्जातंतूवाटे स्नायूपर्यंत येतो, पण शरीराचीच रोगप्रतिकारक शक्ती चुकून तो हुकूम दारातच अडवते. म्हणून स्नायू वापरला की थकतो. ओठ, जीभ, गळा, असं करत हा आजार छातीपर्यंत गेला असता, तर श्वास थांबला असता. गोळ्यांनी बराच फरक पडेल. मात्र इतका उशीर करायला नको होता, असंही त्या म्हणाल्या.

गोळ्या लागू पडल्या. महिन्याभरात आप्पा भाकरी खाऊ लागले. त्यांनी क्लॅरोनेट काढलं, तेव्हा हर्षला समोर बसली होती. ओठांच्या कडेनं हवा निसटत होती, वरचे स्वर लागतच नव्हते. म्हणजे इतके रविवार आपण ऐकलं ते कुणाचं वाजवणं होतं, हा विचार तिच्या मनातून जाईना.

तिनं हेडफोनच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं नम्रपणे सांगितलं, की मूळ आवाज आम्ही साठवत नाही आणि सुस्वर बंद करण्याची सोय नाही, कारण ग्राहकांना स्पष्ट ऐकायला आवडतं. तिनं वरिष्ठांना गाठलं. त्यांनीही तेच सांगितलं. घरचे म्हणाले, आप्पा बरे झाले, आता सोड. तिनं सोडलं नाही. डॉक्टर बेपारींना विचारून तिनं असे आणखी रुग्ण शोधले. पक्षाघाताची सुरुवात झालेली एक आजी होती, कंपवाताचा एक शिक्षक होता. त्यांच्या घरच्यांनाही फोनवर काहीच जाणवलं नव्हतं. सगळ्यांना घेऊन ती ग्राहक आयोगापुढं उभी राहिली.

सुनावणीच्या दिवशी आप्पा स्वतः आले. गोळीची वेळ व्हायची होती, जीभ जडावू लागली होती. ती त्यांना गोळी देऊ लागली, तर त्यांनी आधी बोलून घेतो अशी खूण केली. कंपनीचा अधिकारी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसला. आप्पांनी फोनमध्ये एकच वाक्य म्हटलं. खोलीतल्या लोकांना ते अस्पष्ट, पण कळण्याजोगं ऐकू आलं: माझा आवाज बदलू नका.

अधिकारी बाहेर आला. काय ऐकलंत, असं त्याला विचारण्यात आलं. तो ठामपणे म्हणाला, “फारच स्वच्छ ऐकू आलं. माझा गाव बदलू नका.”

आप्पांनी गोळी घेतली आणि ते पाणी प्यायले.

सुस्वर पूर्ण बंद करायला कंपनी तयार झाली नाही. पण आयोगाच्या आदेशावरून पुढच्या उन्हाळ्यात एक बदल झाला. हेडफोननं स्वतःचा शब्द भरला किंवा आवाज सांधला, की ऐकणाऱ्याच्या कानात बारीकशी टिचकी वाजू लागली. अनेकांना ती कटकट वाटली आणि त्यांनी ती बंद करून टाकली. हर्षलानं चालू ठेवली.

टिचकी आली त्याच आठवड्यात सुवर्णाचा मस्कतहून फोन आला. हर्षला गिरणीच्या आवारात कडुनिंबाखाली बसली होती. सुवर्णा नेहमीच्याच उत्साहानं बोलत होती. तिनं आप्पांची चौकशी केली. उन्हाळा फार आहे म्हणाली. नवीन घर छान आहे म्हणाली आणि ‘छान’वर टिचकी वाजली. रेंज गेली असेल, असं हर्षलाला वाटलं. फोनवर रेंज पूर्ण होती.

“आम्ही अगदी मजेत आहोत,” सुवर्णा म्हणाली. टिचकी, टिचकी, टिचकी.

हर्षलानं हेडफोन काढला आणि मोबाइल कानाला लावला. पलीकडं शब्द जेमतेम होते. मध्ये मध्ये गिळलेला हुंदका, थरथरता श्वास आणि पुन्हा तेच वाक्य, तुटत तुटत. हे किती महिने असं चाललं असेल? ती उठून यंत्रांच्या घरघरीपासून लांब, भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“ताई,” ती म्हणाली, “आता मला तुझाच आवाज ऐकू येतोय. घाई करू नकोस. काय झालंय?”