फुटक्या बाटलीत काय होतं

रसायनशास्त्राच्या सरांची कवटी लोखंडी स्टँडने फोडली होती. एकदा नव्हे, पाचदा.

प्रयोगशाळेची किल्ली असिस्टंटकडे, त्याचा शर्ट रक्ताने माखलेला. फौजदारबाईंनी त्याला तिथेच उचललं. सरांना सावरायला गेलो म्हणून रक्त लागलं, एवढंच तो घोकत राहिला. बाईंचा पारा चढला. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचे दोन दात पाडले.

दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडाने तो म्हणाला, "टेबलाखालच्या फुटक्या बाटलीत काय होतं, ते तरी बघा."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. माणूस चुकीचा असेल, तर त्याला फासावर चढवणाऱ्या आपणच. त्यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि शाळेतर्फे साक्षीला उपमुख्याध्यापकांना बोलावलं. त्यांच्या उजव्या हाताला बँडेज होतं. काल दारात बोटं चेमटली म्हणे.

"शिशाचं द्रावण असणार," उपमुख्याध्यापक म्हणाले. "काल सकाळी प्रॅक्टिकलला तेच होतं."

असिस्टंटने बाटलीच्या बुडातल्या थेंबांत मिठाचं पाणी टाकलं. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. तो त्याने दोन परीक्षानळ्यांत वाटून घेतला.

"शिसं असतं तर उकळत्या पाण्यात विरघळलं असतं," तो म्हणाला. साका जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या नळीत अमोनिया पडला आणि साका बघता बघता नाहीसा झाला. "चांदी. सिल्व्हर नायट्रेट."

बाईंनी हे द्रावण कसं वागतं ते त्याच्याकडून आधीच समजून घेतलं होतं. त्या उपमुख्याध्यापकांकडे वळल्या.

"सरांनी जीव वाचवायला ही बाटली मारणाऱ्याच्या हातावर फोडली. द्रावण पाण्यासारखं, त्याला कळलंही नाही. पण उजेडात काही तासांनी कातडी काळी पडते. घासून जात नाही. याचे हात कालपासून माझ्यासमोर आहेत, स्वच्छ आहेत. तुमचं बँडेज सोडा."

उपमुख्याध्यापकांनी डाव्या हाताने टेबलावरचा दुसरा स्टँड उचलला आणि बाईंच्या डोक्यावर उगारला. बाई वाकल्या, घाव खांद्यावर बसला. बाईंनी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

बँडेजखाली जखम नव्हती. चार बोटं काळीठिक्कर होती. आपल्या मुलाचे प्रॅक्टिकलचे गुण वाढवायला सरांनी नकार दिला म्हणून मारलं, हे त्यांनी रडत कबूल केलं.

बाईंनी असिस्टंटच्या बेड्या काढल्या. त्यांची मान वर होईना. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"ते मला नका सांगू. घरी चला. काल शाळेच्या दारात पोरीच्या देखत मला फरफटत नेलंत, तिला सांगा."