पाखऱ्याच्या गुडघ्याची वाटी

आमच्या तळ्याची पार, म्हणजे बांधावरची वाट, इतकी अरुंद, की समोरून शेळी आली तरी आपणच बाजूला व्हावं. आणि त्या दिवशी शेळी नव्हती — चांगला थोरला पांढरा बैल आडवा उभा होता! कार्तिकातली सकाळ, कापलेल्या धानाचा ओलसर वास, पाण्यावर धुकं... आणि मला शाळेला उशीर.

"बाजूनं जा," बैलाच्या मागून आवाज आला.

"कुठून जाऊ? पोटाखालून?"

आवाजाचा मालक उठून उभा राहिला. इस्तारी! आमच्याच मॅट्रिकच्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. वर्गात मुली दोघीच, मी आणि सुकरी. पण या पठ्ठ्यानं वर्षभरात आमच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता त्याच्या हातात तेलाची शिशी होती. बैलाचा मागचा उजवा पाय मागं ताणून खांबासारखा ताठ झाला होता, खुराचं टोक मातीत रुतलं होतं.

"काय झालं त्याले?"

"पाय धरला."

"काऊन?"

"त्यालेच इचार. तू तं आजकाल मास्तरले बी इचारत राह्यतेस."

म्हणजे... ऐकत होता तर! खरंच होतं ते. दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. मग एकदा उघडलं, उत्तर बरोबर आलं, आणि तेव्हापासून ते मिटतच नव्हतं.

मी तशीच पुढे घुसले. दप्तराची पिशवी हेलकावली, बैल बिचकून मागं सरकला — आणि खट्! पाय झटक्यात वाकला, हवेत झाडला गेला, आणि इस्तारी शिशीसकट चिखलात बसला.

मी हसले. हसायला नको होतं. पण तोही हसला, भुवईवर चिखल, गालावर तेल... आणि शाळेला उशीर होतोय हे मी विसरूनच गेले.

दुपारी भैयाजी मास्तरांनी सांधे शिकवायला घेतले. आमचा भाग मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं तरी भिंतीवरच्या नकाशात आम्ही अजून मध्य प्रदेशातच होतो, पण टेबलावर मात्र ताजं सामान होतं. पळसाच्या पानावर बाजारातून आणलेला शेळीचा मागचा अख्खा पाय. मास्तर सांगत होते. मांडीच्या मुळाशी उखळीचा सांधा, चोहीकडे फिरणारा. गुडघ्याला बिजागरीचा, एकाच अंगानं उघडमीट करणारा. कवटीच्या हाडांच्या शिवणी, त्या तर हलतच नाहीत. मग त्यांनी चाकूनं गुडघ्याची पिशवी उघडली. आत अंड्याच्या पांढऱ्यासारखं वंगण, हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर. पोरं "शी" म्हणाली. मी बोट घातलं.

"आणि लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले, "जनावर बोटांवर चालतं. मागच्या पायाला तुम्ही ज्याला गुडघा म्हणता ना, ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ."

माझे कान टवकारले. गुडघ्यावर वाटी होती, हाडाच्या खाचेत वर-खाली सरकणारी, दोन्ही बाजूंना उंच कडा. मी शेळीचा गुडघा ताठ धरला आणि खाली टाच वाकवून पाहिली. वाकेना! गुडघा सोडला, तर दोन्ही एकदम वाकले.

"मास्तर, बैलाची ही वाटी वर सरकून कडेवर अडकली तं?"

"तर गुडघा ताठ. आणि गुडघा ताठ म्हणजे टाचही ताठ."

मी वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. इस्तारी पाहत होता. शेळीच्या पायाकडे नव्हे... माझ्याकडे.

शाळा सुटल्यावर पारीवर मीच त्याला गाठलं. सुकरी मुद्दाम मागं रेंगाळली, पदरात तोंड लपवून हसत.

"तुझ्या बैलाचं नाव काय?"

"पाखऱ्या." मग जरा थांबून, "परवा डाग देनार त्याले. ढोराचा वैदू वारलूभाऊ येनार सळई तापवाले. बाबाले शंकरपटाच्या शर्यतीत पळवाचा आहे ना."

"डाग? कुठी?"

त्यानं वाकून स्वतःच्या पायावर दाखवलं. टाचेवर.

मी दप्तराची पिशवी खालीच टाकली. "अरे, तिथी काहीच नाई! दुखनं वर आहे, गुडघ्यात. तुम्ही सारे टाचेले तेल चोळून राह्यले!"

"मले समजलं वर्गात. पन बाबाले कोन सांगन?" तो पाण्याकडे पाहत बोलत होता. "याची माय मेली तवा हा आठ दिसाचा होता. मी फडक्यानं दूध पाजून वाढवला. डागानं नाई सुधरला तं... बाबा बाजारात नेतो म्हनते."

त्यानं एक खडा उचलून पाण्यात फेकला. आणि मला काय झालं कोण जाणे —

"मी येते सांगाले."

"तू? आमच्या आंगनात?"

"काऊन, तुमच्या आंगनात वाघ आहे काय?"

"वाघ नाई," इस्तारी म्हणाला. "आई आहे."

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

ते दोन दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. शेळीच्या पायावरून बैलाचं सांगायला निघाले होते मी! चुकले तर? पाखऱ्याला डाग बसेल, बाजार दिसेल, आणि इस्तारी पुन्हा कधी मान वर करणार नाही. जेवताना घास फिरायचा. आई म्हणाली, ताप आला काय गं? मास्तरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "बैलाला मागं सरकवलं तर वाटी सुटू शकते. पण पुन्हा पुन्हा अडकते. चांद्याला गुरांचे डॉक्टर आहेत, ते वाटीला धरणारा आतल्या अंगाचा एक बंध कापतात, असं ऐकलंय." ऐकलंय! एवढ्यावर मी उभी राहणार होते.

सुकरीची मावशी इस्तारीच्याच गावात राहायची. तिला भेटायचं निमित्त करून आम्ही निघालो. इस्तारीच्या अंगणात पोहोचलो तेव्हा शेणींचा जाळ पेटला होता, त्यात सळई लालभडक. पाखऱ्या खुंट्याला बांधलेला, पाय तसाच मागं ताठ. चार-पाच माणसं, ओसरीवर इस्तारीची आई. आलेलं सगळं धैर्य पारीवरच सांडलं की काय!

"बाबा," इस्तारी पुढे झाला, "जरा थांबा. ही गोकुळा. गुनवंतरावची पोरगी. आमच्या वर्गातली. ती काय म्हनते ते आयका."

त्याच्या बाबांनी, उमाजीभाऊंनी, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय म्हनते?"

"भाऊ... तिथी डाग नोका देऊ. दुखनं वर आहे. वाटी अडकली आहे."

वारलूभाऊ खो-खो हसले. "माय वो! पोरगी बैलाले वाटी-थाळी वाढून राह्यली!"

सगळे हसले. मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात इस्तारी पाखऱ्याच्या पोटाजवळ खाली बसला, आणि त्यानं हात खऱ्या गुडघ्यावर ठेवला. बापाच्या, गावाच्या समोर. "सांग, गोकुळा. इथी काय?"

माझ्याशी बोलताना त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. बाकी सगळे आवाज दूर गेले.

"वाटी हाताले लागते काय? ती आत आन् खाली दाब. भाऊ, तुम्ही याले मागं सरकवा."

उमाजीभाऊंनी वेसण धरून मागं लोटलं. पाखऱ्या फुरफुरला. पाय ताठचा ताठ.

"झालं?" वारलूभाऊंनी सळई उचलली.

"अजून एक खेप!" मी ओरडलेच. "इस्तारी, जोरानं! सोडू नोको!"

त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. बैल मागं रेटला गेला, आणि खट्! पाय वाकला. पाखऱ्यानं तो उचलला, झाडला, टेकवला आणि सरळ चालत जाऊन घमेल्यात तोंड घातलं.

वारलूभाऊंच्या हातात सळई तशीच राहिली. मग ओसरीवरून इस्तारीची आई म्हणाली, "सळई थंड होऊ द्या, वारलूभाऊ. आन् पोरींनो, च्या घेऊन जा."

पण मला खोटं सुख द्यायचं नव्हतं. मी उमाजीभाऊंना सांगून टाकलं, "भाऊ, हे पुन्हा अडकन. चांद्याले नेऊन बंध कापून घ्यावं लागन. आन् औंदा पट... नाई जमनार."

उमाजीभाऊंनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. चांद्याला इस्तारीचा मामा होता. जखम भरेपर्यंत बापलेक तिथेच राहणार होते, म्हणजे इस्तारीची सहामाही बुडणार. मी शाळेच्या वाटेवर उभी होते, योगायोगानं वगैरे नव्हे. उमाजीभाऊ वेसण धरून पुढे गेले. इस्तारी मागं राहिला, चपलेत नसलेला खडा काढत.

"परीक्षेत आता पहिली येशीन तू," तो म्हणाला. "मी नाई ना इथी."

"तू असता तरी आलीच असती!"

तो हसला. मग हसू मावळलं. "गोकुळा... डॉक्टरनं कापलं आन् पाय गेलाच तं?"

मलाही तीच भीती होती. "नाई जानार," असं म्हणणं सोपं होतं. पण त्याला खोटं बोलावंसं वाटेना. "मले ठाऊक नाई, इस्तारी. मले बी भेव वाटून राह्यलं."

त्यानं मान हलवली. काहीतरी ओठांवर आलं, परत गेलं... परत आलं.

"पुढच्या साली पटाले येशीन काय?"

"पाखऱ्याले पाहाले?"

"नाई..." त्याचे कान पुन्हा लाल. "मले पाहाले."

पुढून उमाजीभाऊंची हाक आली. तो पळायला वळला.

"इस्तारी!" मी ओरडले. रस्त्यानं धानाचे भारे घेऊन बाया येत होत्या, त्यांनी ऐकलं तर ऐको. "पाखऱ्या पळो का न पळो... मी येईन!"

तो थांबला नाही, पण धावता धावता त्याचा हात एकदा वर गेला. मग तो पाखऱ्याच्या मागून चालू लागला. मी वाटेवरच उभी होते. बैलाचा उजवा पाय दर वेळी मागं ताणला गेला की माझा श्वास अडायचा... आणि पाय वाकला की सुटायचा. ते दोघं साजाच्या झाडांआड जाईपर्यंत माझं तेच चाललं होतं.