मागचे सहा अँपिअर

जॅकेट जेवणाच्या टेबलावर उताणं पडलं होतं आणि आमचे हे त्याची शिवण उसवत होते. यांचा धंदा शिवणकामाचा. तयार कपडा घरात आला की यांना तो आधी उसवायचा असतो, मग बाकीच्यांनी अंगात घालायचा. या जॅकेटाच्या अस्तरात मात्र तारा होत्या. केसासारख्या बारीक, पाठीवरून, छातीवरून आणि बाह्यांमधून वळणं घेत गेलेल्या. मोटरसायकलच्या बॅटरीची वीज दिली की त्या तापायच्या.

"एक तार जरी तुटली ना, तर बघा," मी म्हटलं.

"अगं, कात्री धरायला मी तुझ्याकडून शिकलो का? खांद्यात सैल आहे म्हणून आत घेतोय. हवा शिरली तर तुझी वीज काय करणार?"

म्हणणं बरोबर होतं. असं फार वेळा घडत नाही.

मी टपाल नेते. आमच्या गावातून खिंड चढायची, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, थैल्या द्यायच्या, घ्यायच्या आणि परत. मोटार जाईल एवढा तो रस्ता रुंद नाही. नोकरी लागण्याआधी वडिलांच्या दुकानात मी जळलेल्या विजेच्या मोटरींची तांब्याची वेटोळी भरायचे, त्यामुळे विजेची भीती नाही. भीती वाटते ती थंडीची. थंडी लागली की माझी बोटं पांढरी पडतात आणि लाकूड होतात. गेल्या हिवाळ्यात क्लच दाबला आहे की नाही ते बोटांना कळेना, खाली वाकून डोळ्यांनी बघावं लागे. असंच बघताना एकदा थैल्यांसकट खड्ड्यात गेले.

पोस्टमास्तरांनी या वर्षी आधीच बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण रस्ता गोठला की तुमचे हात चालत नाहीत. पहिल्या बर्फाच्या दिवशी पलीकडचं कार्यालय उघडायच्या आत टपाल पोचवा, खिंड तुमची. नाहीतर थैल्या रेल्वेनं डोंगराला वळसा घालून जातील आणि तुम्ही खिडकीवर बसा. शिक्के मारा."

शिक्के मारण्यात कमीपणा नाही. पण ती खिंड माझी आहे. तिथल्या प्रत्येक वळणाशी माझं भांडण झालेलं आहे. ती गेली असती तर मी घरी येऊन रडले असते, हे इथेच सांगून टाकते.

म्हणून हे जॅकेट आणि त्याच्या बाह्यांना जोडायचे हातमोजे. तारांचा जो तयार जोड आला त्याला दोन फाटे होते, एक चालवणाऱ्याचा, एक मागे बसणाऱ्याचा. बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले, म्हणजे किल्ली बंद केली की जॅकेटही बंद. दोन्ही फाट्यांना वेगळे फ्यूज दिले. मागचा फाटा काढून टाकता आला असता, पण चांगली तार कापायला माझा हात धजावत नाही. त्याच्या टोकाला रबरी टोपण लावलं आणि सीटखालून बाहेर काढून ठेवलं.

"कधी तुम्ही बसलात तर," मी म्हटलं.

"मी? तुझ्या मागे? मला अजून जगायचंय."

पुढच्या फाट्याची उरलेली तार गुंडाळून मी दातेरी चिमट्यानं गाडीला पक्की बांधली. लोंबणारी तार म्हणजे आमच्या धंद्यात फाटकी चड्डी. यांनी वाकून बघितलं. "जरा माया सोड की. कपड्याला आम्ही शिवणीत कापड राखून ठेवतो, तशी. उठशील, बसशील, ओढ बसेल."

"तुमचं ते कापड असतं," मी म्हटलं आणि चिमटा आणखी एक दात घट्ट केला.

गावातल्या फेरीत मी लहान मुलीसारखी हसत होते. पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं आणि बोटं आपापली, सगळी शाबूत. हँडलवर बसवलेल्या मीटरची सुई आठ अँपिअरवर स्थिर होती. जॅकेटाचे सहा, मोज्यांचे दोन. हिशेब चोख.

दुसऱ्या दिवशी थैल्या बांधून खिंडीकडे निघाले. अर्ध्या चढावर डोंगरातून कोरलेला एक छोटा बोगदा आहे. बोगद्यातून बाहेर पडले आणि सुई चौदावर गेली.

मी गाडी कडेला घेतली. कुठे तार घासली असेल, असं पहिल्यांदा मनात आलं. पण तार उघडी पडली तर सुई थरथरते, फ्यूज उडतो, वास येतो. यातलं काहीच नव्हतं. चौदा म्हणजे चौदा. जास्तीचे बरोबर सहा, म्हणजे आणखी एका जॅकेटाचे. मागच्या फाट्याचं टोपण जागच्या जागी घट्ट होतं. त्याला हात लावला, तर ते कोमट लागलं.

पलीकडच्या खोऱ्यातलं पहिलं घर आलं तशी सुई आठवर उतरली. येताना पुन्हा तसंच झालं, तिथे चढली आणि बोगद्यापाशी उतरली.

घरी येऊन सगळा जोड सोडवला आणि इंच न् इंच तपासला. दोष नाही. यांना सांगितलं तर यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "जास्तीचे सहा सारखे घेतं, की कमीजास्त?"

"आधी सारखे. मग थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू."

"तुझ्या जॅकेटासारखंच की. अंग तापलं की बंद करतेस, गार पडलं की चालू."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दोऱ्याला गाठ मारत होते. "मी नुसतं विचारलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मागचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि निघाले. बोगदा ओलांडला. सुई आठवरून हलली नाही. चला, संपलं एकदाचं, असं म्हणते आहे तोच गाडी जड झाली. रिकाम्या गाडीवर मागे माणूस चढलं की मागचं चाक जसं दबतं, तशी. आणि मग पाठीला गारठा भिडला. हा वारा नव्हता. वारा समोरून येत होता. पाठीच्या कण्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कपाळ टेकावं तसा तो गारठा टेकला होता. जॅकेट पूर्ण चालू होतं, तरी मोज्यांच्या आत एकेक बोट पांढरं पडत गेलेलं मला कळत होतं.

कशीबशी थांबले. दातांनी मोजा ओढून काढला, फ्यूज खिशातून काढला आणि परत बसवला. सुई चौदावर गेली. पाठीवरचा गारठा हळूहळू विरला. चाकही हलकं झालं.

आजूबाजूला दगड, वाळकं गवत आणि माझी गाडी. दिवसाचा स्वच्छ उजेड होता. मी स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं आणि मग मोठ्यानं म्हटलं, "बसा. पण हलू नका."

आता कोणी म्हणेल, ही बाई घाबरली कशी नाही. घाबरले होते. पण घाबरण्यापेक्षा मला राग जास्त आला होता, कारण खिंडीचा सगळा डाव या सहा अँपिअरवर अडला होता. माझ्या गाडीला चौदा झेपत नव्हते. चढावर इंजिन मंद झालं की बॅटरी उतरायला लागायची. वडिलांच्या दुकानात एकच शिकले होते, की यंत्र मागेल तेवढं द्यायचं, नाहीतर यंत्र बंद ठेवायचं. खिंड बंद ठेवणं मला परवडणारं नव्हतं. मी पुढचा दिवा बदलून कमी वीज खाणारा बसवला आणि वीज तयार करणारं वेटोळं काढून जाड तारेनं स्वतःच्या हातानं नव्यानं भरलं. यांनी विचारलं, "एवढी वीज कशाला?" मी म्हटलं, "दोघांना पुरायला हवी."  त्या संध्याकाळी जॅकेटाच्या खांद्याची शिवण यांनी दोनदा घातली.

पहिला बर्फ पडला तेव्हा सकाळी अंगणातली बादली वरून कडक झालेली होती. हे दारापर्यंत आले आणि मोज्यांच्या मनगटाची पट्टी ओढून बघितली. "जमेल," म्हणाले. यांच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर क्वचितच ऐकला आहे.

चढ सुरू झाला तसा रस्ता काचेसारखा दिसायला लागला. बोगदा ओलांडला, सुई चौदावर आली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. बॅटरी ठणठणीत होती. पाठ गरम, हात गरम. खालच्या वळणावरच्या झाडांवर गोठलेलं दव चढलं होतं आणि मी गाणं म्हणत होते.

शेवटचा चढ सगळ्यात वाईट आहे. रस्त्याच्या मधून पाण्याची चर जाते आणि ती गोठलेली होती. चाक तिच्यावरून उडणार म्हणून मी पायांवर जोर देऊन सीटवरून उठले.

मांडीपाशी ओढ बसली. टक् असा बारीक आवाज आला.

सुई सहावर पडली.

जॅकेटाला वीज देणारी माझी पिन निसटली होती. तो घट्ट बांधलेला चिमटा जागचा हलला नव्हता. आता मीटरवर उरले होते ते माझे सहा नव्हते.

थांबले असते तर त्या चढावर गाडी पुन्हा उठली नसती. हँडलवरून हात काढला असता तर आडवी झाले असते. पिन मांडीपाशी लोंबत होती आणि तिच्यापर्यंत पोचायला मला तिसरा हात हवा होता.

जॅकेट गार पडलं. मग मोजे. करंगळी गेली, मग तिच्या शेजारचं बोट. क्लच लागतोय की नाही, कळेना. मी डोळे खाली नेले नाहीत. गेल्या वर्षी नेले होते.

"जाऊ दे," असं मी म्हणाले. खिंडीला म्हणाले की स्वतःला, आठवत नाही.

सुई सहावरून खाली सरकली. पाच. तीन. शून्य.

म्हणजे आता त्या तारांमधून कोणीच काही घेत नव्हतं.

आणि माझ्या कमरेभोवती ऊब आली.

डावीकडून, उजवीकडून, पोटावर येऊन एकमेकींत अडकलेली. थोड्या वेळानं एक बाजू सुटली आणि माझ्या डाव्या हातावर येऊन बसली. बोटावर बोट. क्लच दाबला गेला. तो मीच दाबला, असं मी कोणालाही सांगू शकते.

गाडी माथ्यावर आली.

पलीकडचं खोरं उन्हात पसरलेलं होतं. धुराडी, छपरं, कार्यालयाचा झेंड्याचा खांब. मी ओरडले. शब्द नव्हते, नुसती आरोळी होती. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे यांना सांगायचं नाही. उतार मी नाचत उतरले.

कार्यालयाचं दार बंद होतं. पायरीवर बसून मी थैल्या मांडीवर घेतल्या. तिथल्या पोस्टमास्तरीण किल्ल्या वाजवत आल्या आणि मला बघून त्यांच्या हातातल्या किल्ल्या पडल्या.

"अगं बाई! या बर्फातून आलात?"

"आले की. दार उघडा, टपाल थंड होतंय."

त्यांनी मला मिठीच मारली. मग मागे सरकून माझ्या जॅकेटाकडे बघत राहिल्या. छातीवर, खांद्यांवर, बाह्यांवर गोठलेल्या दवाचा पांढरा पापुद्रा चढला होता. फक्त कमरेभोवती दोन रुंद पट्टे कोरडे होते. आणि डाव्या मोज्यावर चार बोटांएवढी जागा.

"थैलीचा पट्टा घासला असेल," त्या म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं. थैल्या वाटभर मागच्या कॅरियरला बांधल्या होत्या.

त्यांनी शेगडी पेटवली, चहा टाकला, माझं जॅकेट खुंटीला अडकवलं आणि आमच्या पोस्टमास्तरांना फोन लावून मोठ्यानं सांगितलं, की बाई दार उघडायच्या आत हजर, थैल्या कोरड्या, हात शाबूत. मग फोन माझ्याकडे दिला.

"जिंकलात," पलीकडून आवाज आला. "खिंड तुमची. पुढचा सगळा हिवाळा. सोबतीला कोणी देऊ का?"

मी नुसत्या स्वेटरवर उभी होते. जॅकेट समोरच्या खुंटीवर गळत होतं, गाडी बाहेर बंद उभी होती, किल्ली माझ्या हातात होती.

"नको हो," मी हसत म्हटलं. "एकटी जाईन."

कमरेभोवतीची ऊब जरा आवळली.