मुकादम झोपत का नाही?

“पशुपक्ष्यांना जिंकायचं ते धाकाने नव्हे, प्रेमाने! केवळ प्रेमाने!” असं जाहीर करून आजोबांनी पिंजऱ्यात बोट घातलं, आणि पुढच्याच क्षणी असा एक शब्द उच्चारला, जो ऐकायची मुलांना सुट्टीतसुद्धा परवानगी नव्हती.

“आजोबा, याचा अर्थ काय?” बटणने विचारलं. बटण घरात सगळ्यांत लहान होता आणि बराचसा गोल होता.

“याचा अर्थ, कापूस आण!”

कापूस आला, पट्टी आली. घरात पट्ट्यांना तोटा नव्हता. आईच्या अंगठ्याला एक होती, बाबांच्या कानाला एक, मावशीच्या मनगटाला दोन. सगळी कामगिरी मुकादमाची. मुकादम म्हणजे राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा पोपट. एवढं करून तो दांडीवर पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता, जणू चावा त्यालाच बसला होता.

“बास! आता पुरे!” आजोबा म्हणाले. आजोबा जन्मभर कोर्टात कारकून होते. न्यायाधीश व्हायची हौस ते घरी भागवून घेत. “रविवारी हा खेळण्यांच्या दुकानात जाईल. मालक केव्हाचे मागताहेत.”

ताई, तिघा मुलांतली थोरली, पिंजऱ्यासमोर आडवी उभी राहिली. ते दुकान तिने पाहिलं होतं. दिवसभर झगझगीत दिवे, आणि दारातच झांजा बडवणारं चावीचं माकड! मुकादम तिचा होता. पिल्लू असताना तिने त्याला चमच्याने भरवलं होतं. कालपरवापर्यंत तो मान वाकवून तिच्याकडून डोकं खाजवून घ्यायचा.

“पण आजोबा, डॉक्टर काय म्हणाले? ऋतू बदलला की पोपटांचं डोकं फिरतंच! दिवस लांबतो, जुनी पिसं झडतात, अंग खाजतं. थोडी कळ काढा म्हणाले!”

“आणि भरपूर झोप द्या म्हणाले! संध्याकाळी पिंजरा झाका, सकाळपर्यंत उघडू नका. झाकतो की नाही आपण? तरी हा जास्तच पिसाळलाय!” आजोबांनी मुलांवर नजर रोखली. “तुम्हां तीन कार्ट्यांना सुट्टी लागल्यापासून. कोणीतरी त्याला छळतंय, एवढं नक्की!”

“आम्ही?” तिघंही एकदम ओरडली. मुकादमाने दचकून पाण्याची वाटी उलटी केली.

“पाहा!” आजोबा म्हणाले आणि न्यायालय उठलं.

जिन्याखालच्या अडगळीत तातडीची बैठक भरली. ताई, बटण आणि बटणचा मोठा भाऊ चष्मिस. हे दोघे मावशीचे. मावशीचं शिवणयंत्र वरच्या मजल्यावर चालायचं, त्यामुळे बैठकीतलं निम्मं बोलणं खडखडाटात वाहून जायचं.

“काही उपयोग नाही,” चष्मिस म्हणाला. त्याची प्रत्येक सूचना याच वाक्याने सुरू व्हायची आणि बहुधा तिथेच संपायची. “मोठ्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं. आपण फार तर निरोपाला टाटा करू.”

“गप रे! आधी शोधायचं, त्याला छळतंय कोण!”

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “झोपलास का रे?” आणि पाठोपाठ खोकला.

तिघांनी डोकी बाहेर काढली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. म्हणजे एकच होतं.

“झोपलास का रे, राजा?” मुकादम पुन्हा म्हणाला. या खेपेला आवाज मऊ होता, अगदी बाईमाणसाचा.

“हे वाक्य कोणी शिकवलं याला?” ताईने विचारलं.

“मी नाही,” चष्मिस म्हणाला.

“मी तर मुळीच नाही!” बटण जरा घाईनेच म्हणाला.

“एकदा ऐकून तो काही शिकत नाही. ‘नमस्कार’ शिकवताना माझा घसा बसला होता! हे त्याला रोज कोणीतरी विचारतंय.” ताईची नजर पिंजऱ्यावरच्या जुन्या निळ्या पडद्याकडे गेली. “आणि दिवसा तर इथे आपणच असतो...”

“म्हणजे आपण झोपल्यावर! पडदा उचलून!” चष्मिस पहिल्यांदाच उत्साहाने म्हणाला आणि लगेच सावरला. “पण काही उपयोग नाही. खोकला ऐकलास ना? आजोबांसारखा होता.”

“छे! ज्यांनी हुकूम काढला तेच मोडतील?”

“मग तुझे बाबा? बेकरीतल्या पिठाने तेही खोकतात.”

“पाहूच!” ताई म्हणाली. “मावशीचा निळा खडू आण!”

कापडावर खुणा करायचा तो खडू. त्याची भुकटी झाली, आणि संध्याकाळी पिंजरा झाकताना पडद्याच्या काठाला आतून-बाहेरून चोळून झाली. निळ्यावर निळं, कोणाच्या बापाला दिसणार? मग तिन्ही गुप्तहेर शहाण्या मुलांसारखे झोपायला गेले.

सकाळी सगळ्यांत आधी पाव आला. बाबा पहाटेच बेकरीत जायचे आणि नाश्त्याला गरम पाव घेऊन परतायचे. आजच्या पावावर मधोमध निळा अंगठा उमटला होता.

“सापडला!” चष्मिस पुटपुटला.

मग आई आली, इस्पितळाची ड्युटी संपवून. ती नर्स, हात कसे लख्ख! पण पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरवर एक निळा पट्टा होता. जाताना घाईत कॉलर सारखी केली असणार.

ताई आणि चष्मिस एकमेकांकडे पाहायला लागले.

“माझ्या बोटांकडे काय बघता?” मावशी जिन्यावरून उतरत म्हणाली. “रोजच निळी असतात. धंदाच आहे माझा!”

“आणि नाक?” ताईने विचारलं.

मावशीने नाकाला हात लावला. आता ते आणखी निळं झालं.

“हा काय पोरखेळ आहे?” आजोबा दारात उभे राहून गरजले. “गुन्हेगार कोण ते एका शब्दात सांगा!”

“सगळे!” ताई म्हणाली.

“पुरावा?”

“तुमच्या मिशीत आहे, आजोबा.”

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला आणि निळी झालेली बोटं पाठीमागे लपवली.

“मी आपली ड्युटीवर जाताना बघायचे,” शेवटी आई म्हणाली. “डॉक्टर म्हणाले ना, झोप फार महत्त्वाची? म्हणून त्यालाच विचारायचे, झोपलास का रे, राजा.”

“आणि झोपलेला असला तर?” ताईने विचारलं.

“तर जागा व्हायचा! म्हणून तर मला काळजी, की बिचाऱ्याला झोपच लागत नाही!”

“मलाही तसाच जागा दिसायचा,” बाबा म्हणाले. “बेकरीत जाताना.”

“मलाही!” मावशी म्हणाली. “मी तर पडद्यात डोकं घालून अंगाई म्हणायचे.”

आजोबा खोकले. हुबेहूब मुकादमासारखे. “मी केवळ हुकमाची अंमलबजावणी तपासत होतो.”

“म्हणजे छळ नव्हता,” ताई हळूच म्हणाली. “माया होती. सगळ्यांची मिळून एवढी माया, की त्याला डोळा लागू दिला नाही कोणी!”

एवढ्यात बटण पावाकडे सरकला. त्याचा उजवा गाल कानापर्यंत निळा होता.

“तूसुद्धा?” चष्मिस किंचाळला.

“मी फक्त बघत होतो, खडू नीट लागतो का,” बटण म्हणाला. “आणि तो झोपलाय का.”

शेवटी आजोबांनी निकाल दिला. आज संध्याकाळी पडदा पडला की सकाळपर्यंत कोणीही बोट लावायचं नाही. पूर्ण झोप झाल्यावर मुकादम चावला नाही तर तो घरी राहील. चावला तर उद्या रविवार आहेच.

“एक रात्र,” चष्मिस ताईच्या कानात म्हणाला. “काही उपयोग नाही. ही माणसं सुधारणारी नाहीत.”

ताईने त्याला कोपराने ढोसलं.

संध्याकाळी पिंजरा झाकला. दिवा मालवला. खोलीचं दार लोटून ताई दाराला पाठ लावून बसली. बाकीची मंडळी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होती.

“कमाल केली पोरांनी!” बाबा कुजबुजले.

“पोलिसांत घ्यायला हवं यांना,” मावशी कुजबुजली.

“आमच्यापेक्षा हुशार निघाली,” आई डोळे पुसत कुजबुजली.

आजोबा उठून ताईपाशी आले. मिशी अजून निळसर होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास, पोरी! चाळीस वर्षं कोर्टात काढली, पण असा तपास पाहिला नाही. आज या घराचे डोळे उघडलेस तू!”

“आता मुकादमाचे मिटू देत, आजोबा. बाकी काही नको.”

“मिटतील, मिटतील!” आजोबा म्हणाले. मग बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. एकदा त्यांनी दाराला कान लावला. आत काही आवाज नव्हता. त्यांनी मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई, बाबा, मावशी आणि बटण श्वास रोखून उभे होते.

आजोबा ताईच्या कानाशी वाकले.

“एकदाच बघून येऊ का गं, झोपलाय का?”